चौकाचौकांतील एकमत : अनुभवातून शिकणाऱ्या यंत्रांचे नियंत्रणशास्त्र

पुणे शहराच्या पूर्वेस, मुळा-मुठा नदीच्या काठी वसलेले खराडी हे एके काळचे शेतीप्रधान गाव. १९९७ साली त्याचा समावेश पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत झाला आणि त्यानंतरच्या काळात माहिती तंत्रज्ञान उद्योगाची मोठी संकुले येथे उभी राहिली. नगर रस्ता खराडीच्या अंगावरूनच जातो. वाघोली, शिरूर व रांजणगावच्या औद्योगिक क्षेत्राकडील वाहतूक याच मार्गाने ये-जा करते, तर खराडीचा बाह्यवळण रस्ता नगर रस्त्याला मुंढवा, मगरपट्टा व हडपसर या भागांशी जोडतो. कार्यालयांच्या वेळा साधारण सारख्याच असल्यामुळे सकाळ-संध्याकाळ येथील चौकांवर वाहनांचा लोंढा येतो. त्यात दुचाकी, रिक्षा, एस. टी. बस, मालमोटारी आणि पादचारी हे सर्व एकाच वेळी असतात.

अशा रस्त्यावर एका चौकातील सिग्नल उत्तम चालला, एवढ्याने वाहतूक सुरळीत होत नाही. पहिल्या चौकाने सोडलेली वाहने दुसऱ्या चौकात तांबड्या दिव्यापुढे अडली, तर पहिल्याची कार्यक्षमता दुसऱ्याची अडचण ठरते. चौकांनी परस्परांशी जुळवून घेतले पाहिजे. हे जुळवून घेणे यंत्रांनी कसे साधावे आणि कालच्या अनुभवावरून उद्याचा निर्णय कसा सुधारावा, हा नियंत्रणशास्त्रातील एका वाढत्या शाखेचा विषय आहे. या शाखेची मूलतत्त्वे कोणती, तिचा उपयोग कोठे होऊ शकतो आणि कोणती दक्षता घ्यावी लागते, याचा विचार येथे केला आहे.

समस्येचे स्वरूप

सिग्नलचा हिरवा, पिवळा व तांबडा दिवा मिळून जो फेरा पूर्ण होतो, त्यास आवर्तन म्हणता येईल. एका रस्त्यावरील चौकांची आवर्तने समान असली, तरच त्यांचा मेळ बसतो. समजा, दोन चौकांमधील अंतर ६०० मीटर आहे आणि वाहने ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने जातात. पहिल्या चौकात हिरवा दिवा लागल्यानंतर ६० सेकंदांनी दुसऱ्या चौकात तो लागला, तर वाहनांचा जथा न थांबता पुढे जाईल. परंतु पहिल्याचे आवर्तन ११० सेकंदांचे आणि दुसऱ्याचे १२० सेकंदांचे असेल, तर प्रत्येक फेऱ्यागणिक १० सेकंदांची तफावत पडत जाईल व काही फेऱ्यांतच हा मेळ नाहीसा होईल.

यावर एक उपाय म्हणजे सर्व चौकांचा कारभार एका मध्यवर्ती संगणकाकडे सोपविणे. ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरात आणि ब्रिटनमधील ग्लासगो येथे १९७० च्या दशकात या दिशेने मोठे प्रयोग झाले व त्यांतून जगभर वापरल्या गेलेल्या पद्धती निर्माण झाल्या. पुण्यातही स्मार्ट सिटी योजनेखाली सुमारे सव्वाशे चौकांत वाहतुकीप्रमाणे वेळ बदलणारी सिग्नलयंत्रणा बसविण्याचे काम हाती घेण्यात आले. मध्यवर्ती पद्धतीचे फायदे उघड आहेत. मात्र मध्यवर्ती केंद्र वा त्याची संपर्कवाहिनी बंद पडली, की संपूर्ण रस्त्याचा समन्वय कोलमडू शकतो. प्रत्येक चौकाला स्वतःची थोडी बुद्धी देऊन केवळ लगतच्या चौकांशी बोलू दिले तर समन्वय साधेल काय, या प्रश्नातून दुसरा मार्ग पुढे आला. अशा स्वतंत्र पण परस्परांशी जोडलेल्या घटकांच्या समूहास बहुघटक प्रणाली म्हणतात.

एकमताचे गणित

या मार्गाचे मूळ गणित थक्क करण्याइतके सोपे आहे. एका रस्त्यावर ओळीने चार चौक आहेत आणि त्यांची आवर्तने अनुक्रमे ८०, १२०, १०० व १४० सेकंदांची आहेत, असे मानू. प्रत्येक चौकाला फक्त शेजारच्या चौकाचा आकडा कळतो. नियम एकच : शेजाऱ्याच्या व आपल्या आकड्यांत जो फरक असेल, त्याच्या एक चतुर्थांशाने आपला आकडा शेजाऱ्याकडे सरकवावा, दोन शेजारी असतील तर दोघांच्या फरकांची बेरीज घ्यावी.

पहिल्या फेरीनंतर हे आकडे ९०, १०५, ११५ व १३० होतात. दुसऱ्या फेरीनंतर ते ९३.७५, १०३.७५, ११६.२५ व १२६.२५ असे होतात. विसाव्या फेरीअखेर चारही चौक ११० च्या मागेपुढे एका सेकंदाच्या आत येतात. ११० ही मूळच्या चार आकड्यांची सरासरी होय. कोणत्याही चौकाने चारही आकडे एकत्र पाहिले नाहीत, कोणी आज्ञा दिली नाही, तरीही सर्वांचे एकमत झाले.

माणसांच्या समूहात असे एकमत कसे घडते, याचे गणिती विवेचन अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ मॉरिस डीग्रूट यांनी १९७४ साली केले. हंगेरीचे तामाश विचेक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये असे दाखविले, की प्रत्येक कण आपल्या जवळच्या कणांची सरासरी दिशा धरून चालला, तर पुरेशी दाटी असताना सारा थवा एका दिशेने वळतो. पुढे २००४ साली रझा ओल्फाती-साबेर व रिचर्ड मरे यांच्या लेखाने या विचारास अभियांत्रिकीतील पक्की बैठक मिळवून दिली.

मात्र एकमतास एक अट आहे. वरील उदाहरणात दुसऱ्या व तिसऱ्या चौकांमधील संपर्क तुटला, तर पहिले दोन चौक १०० वर व शेवटचे दोन १२० वर स्थिरावतील. आपापल्या गटात एकमत आणि रस्त्यावर दुफळी, अशी स्थिती होईल. म्हणून जाळे जोडलेले असणे आवश्यक आहे. जाळे किती बळकट जोडलेले आहे, हे मोजण्याचे माप चेक गणितज्ञ मिरोस्लाव फिडलर यांनी १९७३ साली दिले. हे माप जितके मोठे, तितके एकमत लवकर होते. ओळीतल्या चौकांना लगतच्या चौकापलीकडील चौकाचाही आकडा कळू लागला, तर फेऱ्या कमी लागतात आणि एखादा दुवा निखळला तरी काम अडत नाही.

विजेच्या जाळ्याचा दाखला

हे केवळ कागदावरील गणित नव्हे. घराघरांत येणाऱ्या विजेची वारंवारता सेकंदाला ५० आवर्तने ही असते. देशातील शेकडो जनित्रे एकमेकांशी बोलत नाहीत. तथापि प्रत्येक जनित्र आपल्या ठिकाणी वारंवारता घटली की थोडी अधिक शक्ती पुरविते व वाढली की थोडी आवरते. अशा रीतीने भाराची वाटणी आपोआप होते. उरलेली तफावत भार प्रेषण केंद्रे दूर करतात. महाराष्ट्रात हे काम कळवा येथील राज्य भार प्रेषण केंद्राकडे आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर या ७६५ किलोव्होल्ट वाहिनीने दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी जोडले गेले आणि तेव्हापासून संपूर्ण भारताचे वीजजाळे एकाच वारंवारतेवर चालू लागले. खराडीतील कार्यालयात आणि चंद्रपूरच्या वीजकेंद्रात तोच ताल असतो, तो या मूक एकमतामुळे.

सरासरी पुरेशी नसते तेव्हा

चौकांच्या उदाहरणात एक अडचण राहते. चौथा चौक सर्वांत वर्दळीचा असून त्यास १४० सेकंदांचे आवर्तन खरोखरच आवश्यक असेल, तर ११० वर झालेले एकमत सोयीचे असूनही चुकीचे ठरेल. वाहतूक अभियंते समान आवर्तन ठरविताना सर्वांत वर्दळीच्या चौकाची गरज प्रमाण मानतात, ते याचसाठी. गणितात याची तजवीज आहे. चौथ्या चौकाने आपला आकडा न बदलता १४० वर ठाम राहावे व इतरांनी पूर्वीचाच नियम पाळावा. मग हळूहळू सर्व चौक १४० वर येतात. अशा घटकास अग्रणी म्हणतात. अग्रणी कोण हे इतरांना ठाऊक असण्याचीही गरज नाही.

या सोयीच्या पोटातच धोका दडलेला आहे. चौथ्या चौकातील वाहनमोजणीचा संवेदक बिघडला व तो एकसारखा १८० हाच आकडा दाखवू लागला, तर इतर चौक त्यालाच अग्रणी समजून १८० कडे ओढले जातील. खरी गरज ओळखून ठाम राहिलेला चौक आणि बिघाडामुळे अडून बसलेला चौक यांतील भेद हा नियम ओळखू शकत नाही. एकमत झाले म्हणजे सत्य गवसले, असे होत नाही. ही गोष्ट यंत्रांच्या बाबतीत जितकी खरी, तितकीच सभा-समित्यांच्या बाबतीतही खरी आहे.

नमुना कोठून आणावा ?

एकमत कोणत्या आकड्यावर व्हावे हे ठरले, तरी प्रत्येक चौकाला आपल्या आवर्तनातील किती सेकंद कोणत्या बाजूस द्यावेत, हा प्रश्न उरतो. जुन्या पद्धतीनुसार प्रथम रस्त्याचा गणिती नमुना तयार करतात : किती रुंदी, किती वाहने, हिरव्या दिव्याच्या एका सेकंदात किती वाहने सुटतात, इत्यादी. शिस्तीने रांगेत चालणाऱ्या मोटारींच्या देशांत अशी समीकरणे बऱ्यापैकी लागू पडतात. आपल्या मिश्र वाहतुकीत दोन मोटारींच्या मधल्या जागेतून चार दुचाक्या पुढे येतात, भरलेला डंपर संथपणे हलतो, बस थांब्यावर रिक्षा उभ्या असतात. सी-डॅक या संस्थेच्या तिरुवनंतपुरम केंद्राने भारतीय मिश्र वाहतूक लक्षात घेऊन स्वतंत्र सिग्नलपद्धती विकसित केली, यावरूनही ही अडचण किती मूलभूत आहे हे कळते.

शिवाय रस्ता बदलत असतो. नगर रस्त्यावर २०१६ मध्ये बसगाड्यांसाठी राखीव मार्गिका सुरू झाली आणि पुढे ती टप्प्याटप्प्याने काढण्यात आली. मार्च २०२४ मध्ये मेट्रो रामवाडीपर्यंत धावू लागली; तेथून वाघोलीच्या दिशेने विठ्ठलवाडीपर्यंतच्या विस्तारास केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये मान्यता दिली. वाघोली गावच २०२१ साली महानगरपालिकेत आले. आज परिश्रमपूर्वक तयार केलेला नमुना उद्या कालबाह्य होतो. म्हणून नमुन्याचा हट्ट सोडून प्रत्यक्ष नोंदींवरूनच नियंत्रण करावे, हा विचार बळावला. चीनमधील संशोधक होउ झोंगशेंग यांनी १९९० च्या दशकात नमुनामुक्त नियंत्रणाची जी पद्धत मांडली, ती याच विचाराची आहे.

कालच्या चुकीतून उद्याचा निर्णय

वाहतूक अनियमित वाटली, तरी तिच्यात एक मोठी नियमितता आहे. सोमवारी सकाळी नऊ वाजता जे घडते, त्याच्याशी मिळतेजुळते मंगळवारी सकाळी नऊ वाजता घडते. पुनरावृत्ती असली की शिकण्यास वाव मिळतो. तेच ते काम वारंवार करणाऱ्या यंत्रमानवाच्या हाताने मागील खेपेची चूक लक्षात ठेवून पुढील खेप सुधारावी, अशी पद्धत जपानचे सुगुरु आरिमोतो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली मांडली. पुढे ती महामार्गांवरील वाहनप्रवेशाच्या नियंत्रणासाठीही अभ्यासली गेली.

एक उदाहरण घेऊ. एका चौकात सकाळी नऊच्या सुमारास हिरवा दिवा ४० सेकंद राहतो व तो संपल्यावर १६ वाहने अडकून राहतात. नियम असा, की अडकलेल्या प्रत्येक वाहनामागे उद्याच्या हिरव्या काळात अर्ध्या सेकंदाची भर घालावी. दुसऱ्या दिवशी हिरवा काळ ४८ सेकंद होईल. जादा प्रत्येक सेकंदाला एक वाहन सुटते असे मानल्यास शिल्लक ८ राहील. तिसऱ्या दिवशी ४, चौथ्या दिवशी २, पाचव्या दिवशी १. सेकंदाला किती वाहने सुटतात, हे यंत्राला आधी सांगावे लागले नाही. पहिल्या दोन दिवसांच्या नोंदींवरून, म्हणजे ८ सेकंद वाढविल्यावर ८ वाहने कमी झाली यावरून, ते त्याला स्वतःलाच काढता येते. पुढे दुचाकींचे प्रमाण बदलले, तर हा अंदाजही नव्या नोंदींबरोबर बदलत जातो.

सुधारणेचे हे प्रमाण जपून ठरवावे लागते. अर्ध्या सेकंदाऐवजी प्रत्येक वाहनामागे अडीच सेकंदांची भर घातली, तर दुसऱ्या दिवशी हिरवा काळ ८० सेकंदांचा होऊन २४ वाहनांइतका वेळ रिकामा जाईल. ती चूक सुधारताना हिरवा काळ एकदम २० सेकंदांवर घसरेल व तिसऱ्या दिवशी ३६ वाहने अडकतील. चूक घटण्याऐवजी दररोज दीडपट होत जाईल. उतावळेपणाने शिकणारे यंत्र न शिकणाऱ्या यंत्राहून अधिक हानी करते.

दोन्ही तत्त्वांचा मेळ

आता एकमत आणि अनुभव ही दोन्ही सूत्रे एकत्र आणता येतात. प्रत्येक चौक दिवसाचे लहान लहान कालखंड पाडतो. प्रत्येक खंडासाठी आपला आकडा शेजाऱ्यांहून किती वेगळा होता आणि अग्रणीशी थेट जोडलेला असल्यास त्याच्याहून किती वेगळा होता, याची नोंद ठेवतो. रात्री या तफावतींनुसार उद्याच्या वेळापत्रकात थोडी दुरुस्ती करतो. दुरुस्तीचे प्रमाण तो स्वतःच्या नोंदींवरून ठरवितो.

केवळ एकमताच्या नियमाने चौक जुळतात खरे, पण त्यासाठी दररोज पहाटेपासून अनेक फेऱ्या जाव्या लागतात आणि तोवर गर्दीची वेळ टळून गेलेली असते. शिकण्याची जोड मिळाली, म्हणजे दिवसेंदिवस तफावत कमी होत जाऊन अखेरीस पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत सर्व चौक एका तालात चालू शकतात. या संयुक्त पद्धतीचे बरेचसे काम अद्याप गणिती सिद्धता व संगणकावरील प्रयोग यांच्या पातळीवर आहे, हे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे.

मर्यादा आणि दक्षता

पहिली मर्यादा म्हणजे सर्वच दिवस सारखे नसतात. दरवर्षी १ जानेवारीस पेरणे फाटा येथील जयस्तंभास अभिवादन करण्यासाठी लाखो नागरिक येतात व नगर रस्त्यावरील वाहतूक वळविली जाते. त्या दिवसाच्या नोंदी धडा म्हणून घेतल्या, तर २ जानेवारीचे वेळापत्रक बिघडेल. रविवार, सणवार, शाळांच्या सुट्ट्या आणि मुसळधार पावसाचे दिवस यांच्या वह्या निराळ्या ठेवल्या पाहिजेत.

दुसरी मर्यादा रस्त्याच्या क्षमतेची आहे. रस्ता पूर्ण भरून गेल्यावर सिग्नल केवळ रांगेची जागा बदलू शकतो, रांग नाहीशी करू शकत नाही. तेथे सार्वजनिक वाहतूक, पदपथ व पर्यायी रस्ते हेच उपाय होत.

तिसरी बाब उद्दिष्टाची आहे. यंत्रास अडकलेली वाहने मोजावयास सांगितली, तर ते वाहनेच मोजेल. रस्ता ओलांडण्यासाठी थांबलेली वृद्ध स्त्री किंवा दप्तर घेतलेला विद्यार्थी त्याच्या हिशेबात येणार नाही. म्हणून पादचाऱ्यांचा किमान काळ हा यंत्राने शिकण्याचा विषय ठेवू नये. ती न ओलांडता येणारी मर्यादा म्हणून आधीच घालून द्यावी. रुग्णवाहिका व अग्निशमन वाहनांसाठीही असाच नियम हवा.

अशी यंत्रणा खरेदी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी निविदेतच काही गोष्टी स्पष्ट करून घेणे हिताचे ठरेल. नोंदींची मालकी सार्वजनिक संस्थेकडे असावी. संवेदकांची ठरावीक मुदतीने हातमोजणीशी पडताळणी व्हावी. शेजाऱ्यांच्या मानाने अशक्य वाटणारा आकडा आपोआप बाजूला ठेवला जावा. यंत्राने कोणत्या दिवशी कोणता बदल का केला, हे नंतर वाचता यावे. आणि चौकातील पोलीस कर्मचाऱ्यास केव्हाही कारभार आपल्या हाती घेता यावा.

शाळा आणि ग्रामपंचायतींसाठी

हे तत्त्व समजावून देण्यास संगणक लागत नाही. शिक्षकांनी आठ विद्यार्थ्यांना ओळीने उभे करून प्रत्येकाच्या पाटीवर एकेक आकडा लिहावयास सांगावा. टाळी वाजताच प्रत्येकाने शेजाऱ्यांच्या पाट्या पाहून वर दिलेल्या नियमाने आपला आकडा बदलावा. काही फेऱ्यांनंतर मधल्या दोघांत पुठ्ठा धरावा आणि ओळीचे दोन गट कसे पडतात ते पाहावे. मग एका विद्यार्थ्यास आकडा न बदलण्याची गुप्त सूचना द्यावी. सरासरी, जाळे, नेतृत्व आणि बिघाड हे चारही पाठ एका तासात होतात.

ग्रामपंचायतींना या विचाराचा उपयोग पाण्याच्या वाटपात दिसेल. एका प्रादेशिक पाणीपुरवठा योजनेवर अनेक गावांच्या टाक्या असतात; वरच्या गावाची टाकी वाहून जाते आणि शेवटच्या गावास पाणी पोहोचत नाही, ही तक्रार सर्वपरिचित आहे. प्रत्येक टाकीवर पातळीदर्शक बसवून तिची पातळी शेजारच्या गावास कळत गेली व झडपेची वेळ कालच्या तफावतीप्रमाणे थोडी थोडी बदलत गेली, तर तेच गणित येथेही लागू पडते. त्यासाठी महागडे यंत्र असलेच पाहिजे असे नाही. दोन गावांचे पाणीपुरवठा कर्मचारी, एक वही आणि दररोजची प्रामाणिक नोंद एवढ्यावरही आरंभ करता येतो.

नोंद खरी असेल, दुवे शाबूत असतील आणि कोणाच्या सोयीसाठी एकमत साधावयाचे हे माणसांनी आधी ठरविले असेल, तर यंत्रे आपापसांत जुळवून घेण्याचे काम चोख करतात. या तीन गोष्टींची जबाबदारी मात्र यंत्रावर टाकता येत नाही. ती महानगरपालिकेच्या अभियंत्याची, वाहतूक पोलिसाची आणि गावच्या पंचायतीची आहे.